‘वारकऱ्यां’चा ऱ्या : लिनक्सवर मराठी रुजल्याची कुळकथा

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचे भाग आणि ते वापरणारा माणूस यांच्यामध्ये राहून सारा व्यवहार सांभाळणारी मूळ आज्ञावली, बदलणे हा वरवर पाहता तांत्रिक निर्णय असला, तरी मराठीत लिहिणाऱ्यासाठी तो आधी अक्षराचा प्रश्न होता. पुण्याशेजारच्या आळंदीच्या नावातच ‘ळ’ आहे, आणि तिथे वर्षभर ज्यांची वर्दळ असते त्या वारकऱ्यांचे नाव अनेकवचनात लिहायचे तर ‘य’च्या अलीकडे आडवी वळणारी ‘र’ची रेघ अटळ ठरते. ही रेघ रफाराहून वेगळी असून ती चुकली की शब्दच बदलतो : दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, आचार्यांना दिलेला मान आणि आचाऱ्यांना दिलेली मजुरी यांतला फरकही तेवढ्याच रेघेवर उभा आहे. युनिक्स कुळातली प्रणाली मराठी घरात आणि छपाईच्या टेबलावर कधी येऊ शकली, याचे उत्तर बऱ्याच अंशी या रेघेच्या इतिहासात सापडते.

त्या कुळाचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या कामातून झाला. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशा प्रणालीचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी तिला हवा असलेला गाभा लिहिला, तो लिनक्स. मात्र या साऱ्या घडणीच्या मुळाशी रोमन लिपीचा १२८ चिन्हांचा संच होता. एका चिन्हासाठी एक खूण आणि पडद्यावर एकापुढे एक मांडलेली अक्षरे, एवढ्यावर इंग्रजीचे भागत असे. ‘कि’मधली वेलांटी उच्चारात क-नंतर येते पण लिहिताना त्याच्या आधी बसते, ही गोष्ट त्या रचनेला ठाऊकच नव्हती.

हीच अडचण विंडोजवर एका उपायाने झाकली गेली. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांमध्ये, म्हणजे फॉन्टमध्ये, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे कागदावर देखणी मराठी उमटत असली तरी धारिकेत, म्हणजे फाइलमध्ये, साठवला जाणारा मजकूर मराठी नसे. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘भारत’ हा शब्द यंत्राच्या लेखी एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांची ओळ असतो, आणि तो टंक नसलेल्या संगणकावर तसाच दिसतो. शिवाय प्रत्येक टंकाची वाटणी निराळी. लग्नपत्रिका, हरिपाठाच्या पुस्तिका, सप्ताहाची पत्रके यांचा वर्षानुवर्षांचा साठा ज्याने अशा टंकात करून ठेवला, त्याला कार्यप्रणाली बदलणे म्हणजे स्वतःचेच लेखन वाचता न येणे होते. लिनक्स फुकट आहे, या युक्तिवादाने ही धास्ती दूर होण्यासारखी नव्हती, आणि ज्यांनी तिला केवळ आळस मानले त्यांनी छपाईवाल्यांवर अन्याय केला.

खरा तोडगा टंकापासून अक्षर वेगळे करण्यात होता. १९८६ साली इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा समान कळफलक ठरला, १९८८ साली इस्की ही संकेतप्रणाली आली, आणि तिच्याच मांडणीवर १९९१ सालच्या युनिकोड या जगभरच्या लिपींच्या संकेतसंचातला देवनागरी विभाग आधारला गेला. त्यात साध्या ‘र’शेजारी ‘ऱ’ला स्वतंत्र जागा मिळाली. इनस्क्रिप्टवर ‘वारकऱ्या’ लिहिताना शिफ्टसह ‘जे’ दाबून ‘ऱ’, मग ‘डी’वरचा हलन्त आणि तिरप्या रेघेच्या कळीवरचा ‘य’ दिला की दोन्ही जोडून ती आडवी रेघ उमटते. साधा ‘र’, हलन्त आणि जोडणारे एक अदृश्य चिन्ह अशी दुसरी वाटही मान्य राहिली. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला मात्र मराठीच्या गरजेसाठी स्वतंत्र संकेत मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

संकेत ठरले तरी ते आकारात उतरवणारी यंत्रणा हवी होती. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ प्रकल्पात लिनक्सच्या चित्रमय पडद्याला भारतीय लिपी शिकवली, इंडलिनक्स या स्वयंसेवी गटाने भारतीय भाषांतील पडद्यासाठी काम उभे केले, आणि ग्नोम या लिनक्सच्या चित्रमय पडद्याच्या २००२ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून पँगो ही जोडाक्षरे मांडणारी आज्ञावली पडद्यावरच्या प्रत्येक शब्दामागे काम करू लागली. तिचे नाव ग्रीक ‘पॅन’, म्हणजे सर्व, आणि जपानी ‘गो’, म्हणजे भाषा, यांचा संधी आहे, आणि ते तिने सार्थ केले. २००४ साली रेड हॅट या लिनक्स कंपनीने ‘लोहित’ हे टंक मुक्त परवान्याखाली दिले. त्यांची पुढची देखभाल आणि मराठी अनुवादाचे बरेच काम आळंदीच्या शेजारच्या पुण्यातून झाले, ही या परिसराने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

आळंदीत १९९९ साली एमआयटी ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग सुरू झाली. अशा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये लिनक्स अभ्यासाचा विषय म्हणून पोहोचले; रोजच्या लेखनाचे साधन म्हणून ते घरात येण्याची वेळ जुन्या यंत्रांनी आणली, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे चांगले चालणारे संगणक मागे राहिले. त्यांवर आज लिनक्स बसवले तर मराठी पहिल्या दिवसापासून दिसते. काम उरते ते जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे, आणि तिथे पुन्हा तोच ‘ऱ्या’ आडवा येतो : एका धारिकेत तो ‘ऱ’पासून, दुसरीत साध्या ‘र’ आणि अदृश्य चिन्हापासून बनलेला असतो, डोळ्याला फरक दिसत नाही, पण ‘वारकऱ्यांचा’ हा शब्द शोधायला घेतला की साधा शोध एकाच धारिकेत थांबतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हा पाठभेद निदान वाचता येत होते; इथे ते संकेतांच्या पातळीवर उतरून एकेक करून एकरूप करावे लागतात.