ट्रकचा पंखा विजेवर चालवावा का?

बोरघाट चढणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. रस्त्याच्या कडेला उभा असलेला मालवाहू ट्रक, पुढे झुकवलेली केबिन, रेडिएटरमधून उठणारी वाफ आणि पाण्याचा डबा हातात घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहणारा क्लीनर. ‘गाडी गरम झाली’ या तीन शब्दांमागे अनेकदा एकच दुर्लक्षित भाग असतो. तो म्हणजे रेडिएटरमागचा पंखा. हा पंखा काढून त्याच्या जागी विजेवर चालणारे पंखे बसवावेत, त्यामुळे डिझेल वाचते आणि इंजिनाची ताकदही वाढते, असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतो. अमेरिकेत डिझेल पिकअप बाळगणाऱ्या हौशी मालकांमध्येही हा बदल लोकप्रिय आहे. मात्र या दाव्यामागचे गणित तपासून पाहणे आवश्यक ठरते.

ट्रकचा मूळ पंखा इंजिनाच्याच शक्तीवर फिरतो. तो सतत पूर्ण वेगाने फिरू नये म्हणून मध्ये एक क्लच असतो. गिअर बदलताना दाबतो त्या क्लचशी याचा काहीही संबंध नाही. सर्वाधिक आढळणाऱ्या व्हिस्कस प्रकारात क्लचच्या पोटात सिलिकॉनचे घट्ट तेल भरलेले असते आणि तोंडावर दोन धातूंची एक पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ही पट्टी वाकते, आतली झडप उघडते, तेल चकत्यांमधल्या फटीत शिरते आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरू लागतो. त्या वेळी होणारी घरघर अनुभवी चालक केबिनमध्ये बसून ओळखतो. हवा थंड झाली की तेल परत जाते आणि पंखा जवळजवळ मोकळा होतो.

‘जवळजवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मोकळा झालेला पंखाही इंजिनाच्या ओढीने थोडा फिरतच राहतो आणि ही शक्ती वाया जाते, हा विजेच्या पंख्याच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा. तो खोटा नाही, पण फार छोटा आहे. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर शक्ती एक अष्टमांश लागते. पूर्ण वेगाला १५ किलोवॉट, म्हणजे सुमारे २० अश्वशक्ती खाणारा पंखा ३० टक्के वेगाने फिरत असेल, तर तो जेमतेम ०.४ किलोवॉट घेतो. सपाट महामार्गावर होणारी बचत ती एवढीच. समोरून येणारा वाराच तेथे रेडिएटर थंड ठेवतो. पंख्याची गरज फारशी पडतच नाही.

खरी कसोटी घाटात लागते. एकूण वजन २५ टन असलेला ट्रक अर्ध्या तासात ५०० मीटर उंची चढतो, असे धरू. केवळ वजन वर नेण्यासाठी सुमारे ६८ किलोवॉट आणि चाकांचा रोध मिळून ८० किलोवॉटच्या आसपास शक्ती लागते. डिझेल इंजिन इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने ४० टक्के कामात उतरवते आणि पाव हिस्सा पाण्यात सोडते. म्हणजे रेडिएटरला अर्धा तास जवळपास ५० किलोवॉट उष्णता बाहेर टाकायची असते. घरातील दोन किलोवॉटचे २५ गीझर एकाच वेळी सुरू असावेत, तसे हे आहे. ट्रकचा वेग मात्र ताशी वीस-तीस किलोमीटर, त्यामुळे वाऱ्याची मदत नाही. भरीला टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला. भारतात एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या अनेक इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा आत फिरवला जातो. ती उष्णताही याच पाण्यात येते.

अशा वेळी १५ किलोवॉटचा पंखा विजेवर चालवायचा तर ट्रकच्या २४ व्होल्टच्या व्यवस्थेतून ६०० हून अधिक अँपिअर प्रवाह लागेल. ट्रकवरील अल्टरनेटर सामान्यतः शंभर अँपिअरच्या आसपासचा असतो. शिवाय अल्टरनेटर आणि मोटर या दोन टप्प्यांत मिळून निम्म्याच्या आसपास शक्ती वाया जाते, ती वेगळीच. बाजारात मिळणारे, १२ व्होल्टवर प्रत्येकी २५-३० अँपिअर घेणारे दोन पंखे मिळून ७०० वॉटच्या आसपास, म्हणजे एका अश्वशक्तीहूनही कमी शक्तीचे असतात. रिकामी पिकअप हमरस्त्यावर त्यांच्या भरवशावर सुखाने धावते. भरलेला ट्रेलर ओढत चढ लागला की तापमानाचा काटा सरकू लागतो.

याचा अर्थ विजेचा पंखा वाईट, असा नव्हे. तो रेडिएटरलाच जोडलेला असल्याने पाती आणि भोवतालचे कडे यांत अगदी कमी फट ठेवता येते. इंजिन हादरते म्हणून मूळ पंख्याला ही फट मोठी ठेवावी लागते आणि तेथून हवा निसटते. वाहतूककोंडीत इंजिन मंद चालत असतानाही विजेचा पंखा पूर्ण वेगाने फिरू शकतो. मोटारींत इंजिन आडवे बसू लागल्यावर तर त्याला पर्याय उरला नाही. अ‍ॅम्बेसेडरचा पंखा पट्ट्यावर फिरत असे, मारुती ८०० चा विजेवर. अमेरिकेतील शहर बससेवांनीही हायड्रॉलिक पंख्यांच्या जागी अनेक लहान विजेचे पंखे बसवले. मात्र त्यासाठी मोठे अल्टरनेटर दिले गेले.

हलक्या डिझेल वाहनावर हा बदल करायचाच असेल, तर पूर्ण रेडिएटर झाकणारे कडे, जाड वायर, प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले व फ्यूज आणि पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच यांत काटकसर करू नये. पंखा रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधण्याची पद्धत तर सर्वथा टाळावी. हादऱ्यांनी नळ्या घासून गळू लागतात. नव्या गाड्यांत पंख्याचा क्लच संगणकाच्या आज्ञेने चालत असल्यास तो काढताच डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो.

त्याआधी मूळ क्लच तपासणे उचित. गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरवून पाहावा. तो चांगला रोध देत असेल तर क्लच बहुधा ठीक आहे. भिंगरीसारखा गरगर फिरला किंवा क्लचच्या तोंडाशी तेलकट धूळ दिसली, तर तेल गळून गेले आहे. ‘पंखा कमी पडतो’ अशा अनेक तक्रारींचे मूळ येथेच असते आणि नवा क्लच टाकला की घाट पूर्वीसारखा चढता येतो.