मोडीतली माउझर

१९५८ सालच्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने अमेरिकन संसदेत एक विधेयक मांडलं. परदेशी सैन्यांनी मोडीत काढलेली शस्त्रं अमेरिकेत आणून विकायला बंदी घालावी, अशी त्याची मागणी होती. त्यामागे शांततेची तळमळ वगैरे फारशी नव्हती. स्प्रिंगफील्ड, चिकोपी फॉल्स, वूस्टर ही त्याच्या राज्यातली गावं बंदुकांच्या कारखान्यांवर जगत होती आणि युरोपातून बोटी भरभरून येणाऱ्या जुन्या लष्करी रायफलींनी त्यांच्या पोटावर पाय आणला होता. नव्या शिकारी रायफलीला शंभरेक डॉलर पडत. जुनी लष्करी रायफल त्याहून कितीतरी स्वस्त, शिवाय टपालाने घरपोच! विधेयक त्या रूपात मंजूर झालं नाही. सिनेटरचं नाव होतं जॉन एफ. केनेडी.

गंमत म्हणजे ही जुनी रायफल घेणाऱ्या पुष्कळांना ती रायफल नकोच असायची. नळी, दस्ता, निशाणाच्या पट्ट्या हे सगळं ते काढून टाकत आणि मधला पोलादी गाभा तेवढा ठेवून घेत. या गाभ्याला म्हणतात ॲक्शन. बोल्ट सरकतो तो इथे, काडतूस नळीत ढकललं जातं ते इथून, आणि बार उडतो तेव्हा सगळा दाब अडवून धरणारे कंगोरेही इथलेच. चांगल्या कारागिराला अक्रोडाच्या लाकडातून दस्ता कोरता येतो, विकत आणलेली नळी बसवता येते. ॲक्शन मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची. पोलाद घडवायचं, त्यावर यंत्रांच्या डझनावारी फेऱ्या करायच्या, मग त्याला नेमकं पाणी द्यायचं. हा सारा कारखान्याचा खेळ, आणि तो परवडायचा तो लाखांच्या संख्येत माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे लष्कराला. मनासारखी रायफल बांधून घेण्याचा हा सगळा शौक मुळात सरकारी खर्चावर पोसलेला आहे.

त्यातलं सगळ्यात मोठं देणं जर्मनीचं. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात पाउल माउझरने एकामागून एक सुधारणा करत जी रायफल उभी केली, ती जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारली. तिच्या बोल्टला पुढे दोन कंगोरे, आणि ते दगा देतील म्हणून मागे राखीव तिसरा. बोल्टच्या कडेला लांब पोलादी नखी. काडतूस पेटीतून वर येताच ही नखी त्याची कड धरते आणि रिकामं टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरली, हात थरथरला, तरी काडतूस निसटत नाही. अंगावर येणाऱ्या जनावरासमोर उभ्या असलेल्या माणसाला या नखीची किंमत वेगळी सांगायला नको. अमेरिकेने आपल्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत माउझरच्या इतक्या कल्पना उचलल्या, की पेटंटपोटी तिला माउझरच्या कंपनीला दोन लाख डॉलर मोजावे लागले.

ही ॲक्शन बाहेर नेऊन तिच्यावर शिकारी रायफल बांधायची वाट लंडनच्या रिग्बी कंपनीने रुळवली. ओबर्नडॉर्फहून ॲक्शन आणायची आणि नळी, दस्ता, घासकाम आपलं करायचं. सात मिलिमीटरचं माउझर काडतूस त्यांनी .२७५ रिग्बी या इंग्रजी नावाने खपवलं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जी रायफल भेट दिली, ती याच जातीची. कुमाऊंच्या जंगलात गाजलेल्या त्या रायफलीच्या पोटातही ओबर्नडॉर्फचंच पोलाद होतं. अर्थात तेव्हा हा शौक साहेबांचा आणि संस्थानिकांचा. त्यात ‘परवडणारं’ असं काही नव्हतं.

परवडणं सुरू झालं ते अमेरिकेत, पहिल्या महायुद्धानंतर. सीमोर ग्रिफिन हा न्यूयॉर्कचा फर्निचर करणारा सुतार. स्प्रिंगफील्ड रायफल घेऊन तिला अक्रोडाचा देखणा दस्ता चढवण्यात त्याचा हात बसला होता. जेम्स हाउ हा सरकारी शस्त्रागारातला धातुकामाचा जाणकार. कर्नल टाउनसेंड व्हेलन यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये दोघांनी ‘ग्रिफिन अँड हाउ’ काढली. हाउ काही महिन्यांतच बाहेर पडला, नाव मात्र टिकलं. पुढे हेमिंग्वेने त्यांच्याकडून स्प्रिंगफील्डवर बांधलेली रायफल घेतली. श्रीमंतांसाठी हे, तर साध्या माणसासाठी सरकारची नागरी नेमबाजी योजना. तिच्यामार्फत रायफल संघटनेच्या सभासदांना लष्कराच्या रायफली कमी भावात मिळत, आणि मग घराघरांतल्या गॅरेजमध्ये कानस चालू लागे.

स्वस्तात एक धोकाही होता. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात जुने कामगार भट्टीतल्या पोलादाचा ताव नजरेने ओळखत. रंग पाहायचा आणि तुकडा बाहेर काढायचा. पण लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं पोलाद आहे त्यापेक्षा फिकं दिसतं. ढगाळ दिवशी बरोबर वाटणारा रंग दिसेपर्यंत वाट पाहिली, तर पोलाद जवळपास ३०० अंश फॅरनहाइट जास्त तापून जळायचं. असे तुकडे वरून ठणठणीत दिसत आणि एखाद्या दिवशी काचेसारखे फुटत. १९१७ मध्ये अशा काही रायफली फुटल्या तेव्हा चौकशी झाली, आणि भट्ट्यांवर तापमापक बसले. जनरल जूलियन हॅचर यांनी ही हकिगत नंतर तपशिलाने नोंदवली. तेव्हापासून आठ लाखांच्या आतला क्रमांक असलेल्या स्प्रिंगफील्डला शहाणा कारागीर हात लावत नाही.

खरा पूर आला दुसऱ्या महायुद्धानंतर. जर्मनीने माउझर कारबाईन ९८के हे एकच मॉडेल सव्वा कोटीच्या वर बनवलं होतं. बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हियाच्या आणि दक्षिण अमेरिकी सैन्यांच्या माउझर वेगळ्याच. आता सगळ्या सैन्यांना आपोआप भरणाऱ्या रायफली हव्या होत्या. ओबर्नडॉर्फचा कारखाना फ्रेंचांनी उचकटला, पण त्याचा माल जगभरच्या कोठारांत धूळ खात पडला होता. सॅम्युअल कमिंग्स हा सीआयएत काम केलेला तरुण ती कोठारं हेरत हिंडला. १९५३ मध्ये त्याने इंटरआर्म्को कंपनी काढली आणि अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीकाठी अलेक्झांड्रियात गोदामं रायफलींनी भरून टाकली. तेव्हा कोणालाही या मालाची माया नव्हती.

त्याभोवती एक जोडधंदा उभा राहिला. मिसूरी राज्यातल्या वॉर्सा या चिमुकल्या गावात बिशप आणि फायेन या दोन कंपन्या अर्धवट कोरलेले अक्रोडाचे दस्ते करत आणि टपालाने धाडत. कोणी सुधारित चाप विकत होतं, कोणी दुर्बिणीची बैठक. लष्करी बोल्टची मूठ दुर्बिणीला आडवी येई, म्हणून ती वाकवून देणारे कारागीर गावोगाव निघाले. बायकोने गॅरेज रिकामं करायचा लकडा लावला, तरी हिवाळाभर काम पुरायचं. यातल्या बऱ्याच रायफली बेढब निघाल्या, हेही कबूल करायला हवं. हौस होती, हात नव्हता.

१९६३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाकडे अशीच एक टपालमागणी आली. कार्कानो ही इटालियन लष्करी रायफल, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर, टपालखर्च धरून २१.४५. मागवणाऱ्याने नाव खोटं दिलं होतं. ॲक्शन म्हणून कार्कानोला बांधणाऱ्यांत फारशी पत नव्हती, पण ली हार्वे ओस्वाल्डला तिच्यावर काही बांधायचं नव्हतं. जो माल देशात येऊच नये म्हणून केनेडींनी पाच वर्षांपूर्वी विधेयक मांडलं होतं, त्याच मालातल्या एका रायफलीने डॅलसमध्ये त्यांचा जीव घेतला. १९६८ च्या कायद्याने राज्याबाहेरून टपालाने बंदूक मागवणं बंद झालं आणि लष्करी शिलकी मालाची आयातही.

आपल्याकडे ही गोष्ट घडणंच शक्य नव्हतं. पोलिसांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री आपण पाहत आलो, पण ते काडतूस नागरिकांना वर्ज्य. त्यांच्यासाठी इशापूरच्या कारखान्यात वेगळी .३१५ बोअरची रायफल बनते. परवाना असला, तरी घरच्या लेथवर रायफल जुळवायची मुभा नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचं निमित्तही उरलं नाही.

अमेरिकेत दार बंद झालं, तशा नव्या कोऱ्या माउझर पुढे आल्या. बेल्जियमच्या एफएनच्या ॲक्शनवर रॉय वेदरबीने सुरुवातीच्या रायफली बांधल्याच होत्या, सीअर्स हे दुकानही त्याच ॲक्शनवरची रायफल विकत होतं. सत्तरच्या दशकात कमिंग्सच्याच कंपनीने युगोस्लाव्हियाच्या झास्ताव्हाची ‘मार्क टेन’ आणली. दरम्यान देशी कारखान्यांनी स्वस्ताईचा वेगळा मार्ग काढला होता. गोल पोलादी दांड्यातून कातून काढलेली रेमिंग्टनची ७०० ही १९६२ ची ॲक्शन घडवायला सोपी होती, आणि पुढे खास रायफली बांधणाऱ्यांची तीच आवडती झाली. चिकोपी फॉल्सच्या सॅव्हेजने तर १९५८ मध्येच, म्हणजे केनेडींच्या विधेयकाच्याच वर्षी, ११० हे मॉडेल काढलं. त्याची नळी एका नटाने जागेवर बसते, त्यामुळे ती बदलण्यासाठी मोठ्या यंत्रांची गरज पडत नाही.

१९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरती आयात पुन्हा खुली झाली आणि तुर्की, युगोस्लाव माउझर परत दिसू लागल्या. पण एव्हाना संग्राहक जागे झाले होते. सगळ्या भागांवर एकच क्रमांक असलेली, कानस न लागलेली ९८के आता भाव खाते. ती कापणं म्हणजे आपल्याच खिशाला कात्री. म्हणून स्वस्त ॲक्शन शोधणारा आज पन्नासच्या दशकातल्या त्या बेढब गॅरेज-रायफलींकडे वळतो. त्यांची मूठ कधीच वाकवलेली, दुर्बिणीसाठी भोकंही पाडलेली. संग्राहकांना त्या नको असतात, म्हणून त्या कमी किमतीत जातात. घेणारा घरी आणून पहिल्यांदा तो हौशी दस्ता उतरवतो.