औंधच्या शाळेतली नमस्कारांची मोजदाद

सातारा जिल्ह्यातले औंध आणि सांगली जिल्ह्यातली आटपाडी, कुंडल ही गावे एके काळी एकाच संस्थानात होती. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे. १९०९ साली तिथे गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि व्यायामाचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९२०च्या दशकात त्यांनी आपल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलग्यांना आणि मुलींनाही.

तरुणपणी बाळासाहेबांवर शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोची छाप होती. सँडोची पुस्तके आणि उपकरणे आणून त्यांनी सुमारे दहा वर्षे ती पद्धत चालवली. सँडोचे माप म्हणजे फीत: छाती किती इंच, दंड किती इंच. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते नमस्कारांकडे वळले आणि मापच बदलले. आता मोजायची ती आकृती नव्हे, संख्या. ते स्वतः रोज ३०० नमस्कार घालत.

या भागाला हे नवे नव्हते. समर्थ रामदास रोज १२०० नमस्कार घालत, अशी परंपरा सांगते. त्यांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी नऊ आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आहेत. तालमीतले पैलवानही जोर-बैठका आकड्यांतच सांगत आले. बाळासाहेबांनी हा आकडा तालमीतून उचलून शाळेच्या वेळापत्रकात आणला.

नमस्काराला लागते ती अंगभर जागा. तळवे एकदा जमिनीवर टेकले की ते हलवायचे नाहीत. पाय मागे जातात, छाती आणि कपाळ भुईला लागते, मग मान वर, कंबर वर, आणि पाय पुन्हा हातांपाशी. प्रत्येक नमस्काराआधी सूर्याचे एक नाव: मित्र, रवी, सूर्य, भानू असे करत बारावे भास्कर. नावे क्रमाने घेतली की मोजणी आपोआप होते. वही नको, घड्याळ नको. वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपण आज किती व्यायाम केला हे नेमके सांगता येई. १९३६ साली बाळासाहेब इंग्लंडला गेले, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनीही या व्यायामाची दखल घेतली. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक निघाले.

मात्र ही मोजदाद फक्त ठरवून केलेल्या व्यायामाची होती. त्याच काळात साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुले कष्ट करून शिकत होती. १९२४ साली सुरू झालेल्या या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. शेतात राबणे, लाकडे फोडणे, पाणी भरणे यांत त्या मुलांचे अंग नमस्कार घालणाऱ्यांइतकेच घामाघूम होई. त्या श्रमाचा आकडा मात्र कुठल्या व्यायामाच्या तासाला लागला नाही.

आजची व्याख्या ही उणीव भरून काढते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सांगते आणि त्यात खेळ, चालणे, घरकाम सगळे धरते. १४६ देशांतल्या १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून २०१९ साली निघालेला निष्कर्ष चिंता वाढवणारा आहे: ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले एवढीही हालचाल करत नाहीत.

हालचाल मोजायला आता कमरेला किंवा मनगटाला बांधायचे अ‍ॅक्सेलरोमीटर आहेत. पळणे, उड्या मारणे ते चांगले टिपतात. पण कमरेचे यंत्र सायकल चालवणाऱ्या मुलाचे श्रम कमी दाखवते आणि डोक्यावर भरली घागर आहे की रिकामी, हे त्याला कळत नाही. माण, जत, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात हा फरक लहान नाही. म्हणून तिथे यंत्र बांधल्यावरही मुलांना विचारावेच लागेल: शाळेत कसा आलास, पाणी कुठून आणलेस, संध्याकाळी काय खेळलास? उत्तरे यंत्राच्या नोंदीशेजारी लिहिली, तरच औंधच्या वर्गातला मुलगा आणि साताऱ्याच्या वसतिगृहातला मुलगा, दोघेही हिशेबात येतील.