डीएमएलटीला पोरगी टाकण्याआधी एवढं वाचा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन दिवसभर वाजतो. पत्रकाराला सगळंच माहीत असतं, असा आपल्याकडे समज आहे. परवा बडनेऱ्याकडच्या एका गावातून एक काका पोरीला घेऊन आले. हातात रंगीत पत्रक. "भाऊ, पोरीले लॅब टेक्निशियन कराचं हाय. सहा महिन्याचा कोर्स हाय म्हनते, मंग सोताची लॅब टाकता येते म्हनते. भरू का पैसे?"

म्हटलं, काका, पैसे खिशातच राहू द्या, आधी चहा घ्या. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

रक्त-थुंकी तपासायचं काम गावखेड्यात पोचलं ते हिवतापामुळे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो निर्मूलन कार्यक्रम झाला. बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचा. त्यासाठी वापरलेला जेएसबी नावाचा रंगही आपल्याच देशात, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये तयार केला. पुढे टीबीच्या थुंकीची तपासणीही अशीच काचपट्टीवर आली.

१९५८ मध्येच शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. विदर्भाला हा आजार नवा नाही. त्याची पहिली चाचणी सोपी: नळीतलं द्रावण गढूळ झालं की संशय. पण रोगी आणि नुसता वाहक, दोघांचंही द्रावण गढूळ होतं. फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. इथं चूक झाली तर? दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक बाळंतपणात रोगी मूल होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे नळी हातात धरणाऱ्यावर एका घराचं पुढचं सारं अवलंबून असतं.

पण या हातांना कायद्यात जागा किती होती? वर्षानुवर्षं बरेच जण मोठ्यांचं बघून, हाताखाली काम करूनच शिकले. त्यातले कित्येक हुशार निघाले, मी स्वतः पाहिलेत. पण डॉक्टरांसाठी, नर्सेससाठी देशपातळीवर परिषद होती, यांच्यासाठी नव्हती. ती पोकळी भरायला पत्रकवाले आले.

मग दोन गोष्टी घडल्या. १२ डिसेंबर २०१७ ला गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. 'डिप्लोमा करा, स्वतःची लॅब टाका' हे स्वप्न विकणाऱ्यांनी ही ओळ कधी पत्रकावर छापली नाही.

दुसरी गोष्ट कोरोनाची. सुरुवातीला आपले नमुने नागपूरकडे जायचे आणि आपण रिपोर्टची वाट पाहत बसायचो. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आणि अमरावती विद्यापीठात तपासणी सुरू झाली. २२ फेब्रुवारी २०२१ ला अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागलं, तेव्हा नमुन्यांच्या ढिगापुढे पीपीई किट घालून हीच माणसं उभी होती. पुढच्याच महिन्यात, २८ मार्च २०२१ ला, संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्या यादीत वैद्यकीय प्रयोगशाळेचा गट आहे.

हा कायदा म्हणतो, शिक्षण किमान २००० तासांचं हवं आणि ते दोन ते चार वर्षांत झालेलं हवं. आता काकांच्या पत्रकाचा हिशोब करा. सहा महिन्यांत २००० तास म्हणजे रविवार न सोडता रोज अकरा तास! कोण शिकवतं हो एवढं?

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा.

१) प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं? संस्थेचं स्वतःचं असेल तर उठून या.
२) त्यावर परिषदेत नोंदणी होते का? लेखी मागा.
३) प्रात्यक्षिक कोणत्या दवाखान्यात? रोज नमुने येत नसतील तर हात बसत नाही.
४) कोर्स बारावीनंतरचा की बी.एस्सी.नंतरचा? दोन्हींना डीएमएलटीच म्हणतात, गल्लत होते.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवीही आहे, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. वेळ जास्त लागतो, पण सरकारी मेडिकल कॉलेजातही ती करता येते. आधी तिथं चौकशी करा, मग खासगीकडे वळा.

काकांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. पोरगी इतका वेळ गप्प होती. जाताना म्हणाली, "काका, ते नोंदनीचं एका कागदावर लिहून द्या ना. मीच विचारतो त्यायले."

लिहून दिलं. तुमच्या घरी बारावी झालेलं पोर असेल तर तुम्हीही लिहून घ्या. आणि असं सहा महिन्यांचं पत्रक हाती आलं तर फोटो काढून मला पाठवा, बातमी करतो.