न्यूयॉर्क येथील सेंट जॉर्ज चर्चचे धर्मगुरु व त्यांचा गायक

ज्युबिलीच्या पुस्तकांत धर्मगुरूंची नामावळी छापण्याचा प्रघात सर्वत्र आहे. कोण केव्हां आले, कोणीं घंटाघर बांधलें, कोणीं शाळा काढली, हें सर्व सनावारीनिशीं नमूद असतें. परंतु ज्या आवाजांनीं त्या देवळांतील उपासना वर्षानुवर्षें उचलून धरिली, त्यांचीं नांवें शोधूं गेल्यास तीं बहुधा एखाद्या छायाचित्राच्या खालच्या ओळींतच सांपडतात. वस्तुतः धर्मगुरु बदलतात. गायक पुष्कळदां तोच राहतो. म्हणून या प्रसंगीं आम्हीं एका दूरच्या धर्मग्रामाचा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. तेथें धर्मगुरूंचा इतिहास गायकावांचून सांगतां येत नाहीं, व गायकाचा इतिहास धर्मगुरूंवांचून. हा धर्मग्राम एपिस्कोपल पंथाचा, म्हणजे अँग्लिकन सभेच्या अमेरिकेंतील शाखेचा आहे. त्या सभेशीं आमचें पूर्ण ऐक्य नाहीं, हें वाचक जाणतातच. तथापि तेथें जें घडलें तें कोणत्याहि धर्मग्रामानें समजून घेण्याजोगें आहे.

सेंट जॉर्ज चर्च १७५२ सालीं न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचें उपमंदिर म्हणून अस्तित्वांत आलें व १८११ सालीं स्वतंत्र झालें. स्टायव्हसंट स्क्वेअर या चौकांतील बागेच्या पश्चिमेस असलेलें त्याचें मंदिर १८४६ सालीं बांधावयास घेतलें. १८६५ सालीं तें आगींत सांपडलें, परंतु पुन्हां उभारण्यांत आलें. आरंभीं हा भाग धनिकांचा होता. पुढें यूरोपांतून आलेल्या गरीब कुटुंबांनीं आसपासच्या चाळी भरून गेल्या, धनिक मंडळी शहराच्या उत्तरेकडे सरकली, आणि त्या विशाल मंदिरांत रिकामीं बाकें व डोक्यावर कर्ज एवढेंच उरण्याची वेळ आली. अशा स्थितींत १८८३ सालीं तेथील व्यवस्थापक मंडळानें विल्यम रेन्सफर्ड यांस रेक्टर म्हणून बोलाविलें. हे गृहस्थ १८५० सालीं डब्लिन येथें जन्मलेले, उंचपुरे, बोलण्यांत स्पष्ट, व कोणाचीहि भीड न धरणारे होते.

रेन्सफर्ड यांनीं येण्यापूर्वीं तीन अटी घातल्या. मंदिरांतील सर्व बाकें विनामूल्य व्हावीं. व्यवस्थापक मंडळाखेरीज जुन्या सर्व समित्या बरखास्त व्हाव्या. आणि तीन वर्षेंपर्यंत दरसाल १०,००० डॉलर कार्यासाठीं आपल्या स्वाधीन असावे. पहिल्या अटीचें महत्त्व आमच्या वाचकांस सहज कळणार नाहीं. त्या काळीं अमेरिकेंतील पुष्कळ प्रॉटेस्टंट मंदिरांत, आणि खरें सांगावयाचें तर कांहीं कॅथलिक मंदिरांतहि, बाकें भाड्यानें देत असत. ज्याचें भाडें अधिक त्याची जागा वेदीच्या जवळ. ज्यापाशीं पैसा नाहीं त्यानें मागें बसावें किंवा घरीं राहावें. धर्मगुरूचें वेतनहि बहुधा त्या भाड्यांतूनच निघे. अर्थात् बाकें मोकळीं करणें म्हणजे स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडणें होय. व्यवस्थापक मंडळांत जे. पिअरपॉण्ट मॉर्गन हे सुप्रसिद्ध पेढीवाले होते. त्यांनीं अटी जागच्या जागीं मान्य केल्या.

या दोन पुरुषांचा संबंध मोठा चमत्कारिक होता. एकाच्या पेढीवर आगगाड्यांच्या कंपन्या व पोलादाचे कारखाने अवलंबून. दुसरा त्या कारखान्यांतील मजुरांचा कैवारी. तरी दर सोमवारीं सकाळीं रेन्सफर्ड मॉर्गन यांच्या घरीं न्याहारीस जात. पुढें रेक्टरांनीं व्यवस्थापक मंडळावर एका कामकरी माणसास घ्यावें असें सुचविलें, तेव्हां मॉर्गन चिडले आणि त्यांनीं राजीनामा दिला. रेन्सफर्ड यांनीं तो स्वीकारला नाहीं, व आपलें म्हणणेंहि सोडलें नाहीं. त्यानंतर कित्येक आठवडे दोघे सोमवारीं एकत्र बसत, चिरूट ओढीत, आणि एक शब्दहि न बोलतां उठत. शेवटीं राग निवळला. आम्हांस ही हकीकत फार आवडते. कारण देणगीदाराशीं भांडूनहि त्याच्या मेजावर बसणें ही विद्या सेमिनरींत कोणी शिकवीत नाहीं.

मॉर्गन यांनीं आपल्या सासऱ्यांच्या स्मरणार्थ १८८८ सालीं बांधून दिलेल्या धर्मग्रामगृहांत मुलांसाठीं व तरुणांसाठीं नाना उपक्रम सुरू झाले, आणि भाविकांची संख्या शेंकड्यांवरून हजारोंवर गेली. मंदिर भरलें तेव्हां संगीताकडेहि लक्ष देणें प्राप्त झालें. १८९४ सालीं गायकवृंदास एका बॅरिटोन आवाजाच्या, म्हणजे मध्यम खर्जाच्या, एकल गायकाची गरज पडली. अर्ज पुष्कळ आले. त्यांत हॅरी थॅकर बर्ली या आफ्रिकी वंशाच्या तरुणाचा अर्ज होता.

बर्ली यांचा जन्म पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील एरी या गांवीं २ डिसेंबर १८६६ रोजीं झाला. त्यांचे आजोबा हॅमिल्टन वॉटर्स हे मेरीलंडमध्यें गुलाम होते. १८३२ सालीं पैसे भरून त्यांनीं स्वतःस मोकळें करून घेतलें. दृष्टि गेलेली, तरी एरी गांवांत ते दवंडी पिटीत व रस्त्यांवरचे दिवे लावीत. संध्याकाळीं नातवंडें हात धरून त्यांस एका खांबाहून दुसऱ्या खांबापाशीं नेत, आणि म्हातारा चालतां चालतां गुलामगिरीच्या काळचीं भक्तिगीतें गाई. हीच बर्ली यांची पहिली गायनशाळा. आई उच्चशिक्षित होती. परंतु तिच्या वर्णामुळें तिला शिक्षिकेची जागा मिळाली नाहीं, म्हणून ती शाळेची झाडलोट करी. ती एका धनिक बाईंच्या घरींहि कामास असे. तेथें राफाएल योसेफी या हंगेरियन पियानोवादकांची बैठक होती, तेव्हां हा मुलगा तें वादन ऐकण्यासाठीं खिडकीबाहेर बर्फांत उभा राहिला व आजारी पडला. आईनें मालकिणीस विनविलें. पुढें अशा प्रसंगीं दार उघडण्याचें काम त्याच्याकडे आलें, आणि तो घराच्या आंत राहून ऐकूं लागला.

१८९२ सालीं ते न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयांत दाखल झाले. प्रवेशपरीक्षेंत गुण थोडे कमी पडले होते. परंतु कार्यालयांतील मॅकडॉवेल बाईंस त्यांनीं एरीच्या त्या घरीं पाहिलें होतें, आणि बाईंच्या शब्दानें काम झालें. त्याच वर्षीं बोहेमियाचे थोर संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक विद्यालयाचे संचालक म्हणून आले. द्वोर्झाक हे निष्ठावंत कॅथलिक होते, हें येथें नमूद करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. त्यांचें बिऱ्हाड पूर्व सतराव्या रस्त्यावर, सेंट जॉर्ज चर्चच्या त्याच चौकापासून अगदीं जवळ होतें. बर्ली तेथें जात, त्यांच्या स्वरलिपीच्या प्रती उतरून देत, आणि आजोबांपासून शिकलेलीं गीतें त्यांस गाऊन दाखवीत. द्वोर्झाक पुन्हां पुन्हां गावयास सांगत व मध्येंच थांबवून प्रश्न विचारीत. ‘नव्या जगांतून’ ही त्यांची प्रख्यात सिंफनी १६ डिसेंबर १८९३ रोजीं कार्नेगी हॉलमध्यें प्रथम वाजली. तिच्या रचनेच्या दिवसांत हीं गीतें त्यांच्या कानांत होतीं, एवढें निश्चित म्हणतां येतें.

आतां त्या काळची सामाजिक स्थिति पाहावी. न्यूयॉर्कमध्यें कृष्णवर्णीय एपिस्कोपल भाविकांसाठीं सेंट फिलिप्स हें वेगळें चर्च होतें. त्या चर्चच्या प्रतिनिधींस धर्मप्रांताच्या सभेंत बसूं देण्यास १८५३ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत एकाच बिशपांचीं लेंकरें असूनहि ते बाहेरच राहिले. गुलामगिरी नष्ट झाल्यावरहि मनांतील भिंती राहिल्याच. १८९६ सालीं, म्हणजे बर्ली यांच्या नेमणुकीनंतर दोनच वर्षांनीं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आगगाडींत गोऱ्यांस व काळ्यांस वेगळे डबे ठेवणें कायदेशीर ठरविलें. ज्या देशांत दोन माणसांस एका डब्यांत बसतां येत नाहीं, त्या देशांत एका धनाढ्य गोऱ्या मंडळीपुढें पगारी गायक म्हणून वेदीजवळ उभें राहण्याचा हा प्रश्न होता.

नेमणूक कशी झाली याविषयीं दोन परंपरा आहेत. लोकांत रूढ असलेली अशी कीं, व्यवस्थापक मंडळांत मतें समसमान पडलीं व मॉर्गन यांनीं आपलें निर्णायक मत बर्ली यांच्या बाजूनें टाकलें. रेन्सफर्ड यांनीं आपल्या आत्मवृत्तांत मात्र वेगळें लिहिलें आहे. आपण एका कृष्णवर्णीय गायकास घेत आहों असें त्यांनीं गायकवृंदास सरळ कळविलें. कांहीं काळ गोंधळ, नापसंती व निषेध झाला, आणि मग सर्व लवकरच शांत झालें. आमच्या मतें दुसरी हकीकत अधिक विश्वसनीय आहे. मॉर्गन यांचा पाठिंबा होता यांत शंका नाहीं, आणि त्यांचें वजनहि होतें. परंतु बड्या माणसाच्या मताची गोष्ट सांगावयास सोपी व ऐकावयास गोड असते, म्हणून ती टिकते. जो रेक्टर १८८३ सालीं बाकें मोकळीं केल्यावांचून यावयास तयार नव्हता, तोच ११ वर्षांनीं गायनाची जागाहि मोकळी करतो, हें त्याच्या स्वभावास धरूनच आहे. त्यानें देवळाच्या जमिनीवरची विषमता आधीं काढली, म्हणूनच त्याला पुढें वेदीजवळचीहि काढतां आली.

बर्ली तेथें ५२ वर्षें गाइले. रेन्सफर्ड १९०६ सालीं प्रकृति खालावल्यामुळें गेले. त्यांच्यामागून बर्कहेड, रायलंड व मॅकी हे रेक्टर झाले. गायक तोच राहिला. १९०० पासून २५ वर्षें त्यांनीं टेंपल इमॅन्युएल या यहूदी प्रार्थनामंदिरांतहि गायन केलें. शब्बाथास तेथें आणि रविवारीं येथें, असा त्यांचा क्रम असे.

झावळ्यांच्या रविवारीं मंदिरांत पाय ठेवण्यास जागा उरत नसे. त्या दिवशीं बर्ली जाँ-बातिस्त फोर या फ्रेंच गायकाचें ‘झावळ्या’ हें गीत गात. दरवर्षीं तेंच गीत, तोच गायक, असें ५२ वेळां झालें. फोर हे नाट्यगृहांतील गायक; त्यांची ही रचनाहि थोडी नाट्यगृहाच्याच थाटाची आहे. पवित्र पिता दहावे पायस यांनीं १९०३ सालीं पवित्र संगीताविषयीं जी आज्ञा काढली, तिच्या कसोटीस तें उतरेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण ज्यांनीं बालपणीं आईच्या मांडीवर बसून तें ऐकलें, त्यांनीं आपल्या नातवंडांस घेऊन तेथेंच, त्याच आवाजांत, पुन्हां ऐकलें. ही गोष्ट कसोटीबाहेरची आहे.

मॉर्गन ३१ मार्च १९१३ रोजीं रोम येथें वारले. त्यांची अंत्यविधीची उपासना १४ एप्रिलला सेंट जॉर्जमध्यें झाली. तेथें बर्ली यांनीं, मृताच्या इच्छेस अनुसरून, ‘कॅल्व्हरी’ हें गीत गाइलें. त्या दिवशीं मंदिरांत जमलेल्या लक्षाधीशांपुढें एका गुलामाच्या नातवाचा आवाज एकटा उभा होता.

आजोबांच्या गीतांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. हीं गीतें समूहानें गावयाचीं, तोंडोंतोंडीं चालत आलेलीं. बर्ली यांनीं त्यांस पियानोची साथ देऊन एका गायकानें गावयाचें रूप दिलें. ‘डीप रिव्हर’ हें त्यांपैकीं पहिलें नामांकित गीत १९१६-१७ च्या सुमारास प्रसिद्ध झालें, आणि मोठमोठ्या सभागृहांतील गायक तें आपल्या कार्यक्रमांत घेऊं लागले. त्यांचें सोंग किंवा थट्टा करून गाणें त्यांस मुळींच खपत नसे; प्रार्थना आहे, प्रार्थनेसारखी गा, असा त्यांचा कटाक्ष होता. १९१७ सालीं त्यांस स्पिंगार्न पदक मिळालें. पुढें १९२४ सालीं, त्यांच्या सेवेस ३० वर्षें झालीं तेव्हां, रेक्टर कार्ल रायलंड व ऑर्गनवादक जॉर्ज केमर यांच्या काळांत, सेंट जॉर्जमध्यें या गीतांची एक खास सायंउपासना ठेवण्यांत आली व ती दरवर्षींचा परिपाठ झाली. माणसास आंत घेण्यास एका रेक्टराचा निश्चय पुरला. त्याच्या आजोबांच्या गीतांस अशी स्वतःची उपासना मिळण्यास ३० वर्षें लागलीं. यांत कोणास दोष द्यावा असें नव्हे, परंतु अंतर लक्षांत घेण्यासारखें आहे.

१९४६ सालीं बर्ली निवृत्त झाले व १२ सप्टेंबर १९४९ रोजीं निवर्तले. अंत्यविधीस सेंट जॉर्जमध्यें सुमारें २,००० लोक जमले. न्यूयॉर्कजवळ पुरलेला त्यांचा देह १९९४ सालीं एरी येथें नेण्यांत आला. सेंट जॉर्ज चर्चहि १९७६ सालीं शेजारच्या दोन धर्मग्रामांशीं एक झालें.

त्यांच्या म्हातारपणांतील एक लहानसें काम अजून चालू आहे. ख्रिस्ताच्या ठायीं पूर्व आणि पश्चिम असा भेद नाहीं, या आशयाचें जॉन ऑक्सनहॅम यांचें एक इंग्रजी भक्तिगीत आहे. त्यास बर्ली यांनीं गुलामांच्या एका जुन्या गीताची चाल जुळवून दिली, व ती एपिस्कोपल सभेच्या १९४० च्या भक्तिगीतसंग्रहांत आली. आज ती इंग्रजी कॅथलिक संग्रहांतहि आढळते. चालींस नांवें देण्याचा तिकडे रिवाज आहे. बर्ली यांनीं या चालीस आपले त्या वेळचे रेक्टर एल्मोर मॅकी यांचें नांव दिलें, आणि संग्रहांत गीताजवळ तें बारीक अक्षरांत छापलेलें असतें: मॅकी.