भिक्षुकाची हकीकत आणि संपादकाची लेखणी

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सनदा, खलिते आणि दप्तरांचे रुमाल उभे राहतात. सामान्य माणसाने लिहिलेल्या आत्मकथनाला या साधनांच्या पंक्तीस बसविण्यास आपण फार काळ कचरत आलो. या दृष्टीने विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाची कथा आम्हांस पुन्हा सांगावीशी वाटते. कारण ती जितकी १८५७ च्या उठावाची आहे, तितकीच आपल्या संपादनाच्या रीतीचीही आहे.

विष्णुभट हे पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. घरची स्थिती ओढगस्तीची, डोक्यावर कर्ज. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत व तेथे विपुल दक्षिणा मिळेल, असे ऐकून ते काकांसह १८५७ साली उत्तरेकडे निघाले. महूपाशी त्यांस शिपायांच्या उठावाची वार्ता समजली. तरीही ते मागे फिरले नाहीत. पुढे ग्वाल्हेरवरून ते झांशीस गेले, आणि १८५८ साली सर ह्यू रोझच्या फौजेने त्या शहरास वेढा घातला तेव्हा ते आतच अडकले होते.

झांशी एप्रिल १८५८ मध्ये पडली. त्यानंतरची कत्तल, घरोघरची लूट, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश आणि लपून काढलेले दिवस हे सर्व त्यांनी सांगितले आहे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेली राणी लक्ष्मीबाईंची भेटही त्यांच्याच हकीकतीत आहे. येथे राणी सिंहासनावर नाही. ती तहानलेली, धुळीने माखलेली आहे. लेखकही वीराचा आव आणीत नाही. त्याला भय वाटते, भूक लागते, कमरेच्या पैशांची चिंता असते. जोडलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. परंतु गंगेची कावड घरी आणून त्यांनी मातापित्यांस स्नान घातले. आमच्या मते या लेखनाचे मोल याच प्रांजळपणात आहे. उठावाच्या कारणांविषयी ते जे लिहितात त्यात ऐकीव मजकूर पुष्कळ आहे, आणि पंचवीस वर्षांनंतरची स्मृती काही ठिकाणी चुकतेही. परंतु त्या काळी वाटसरूंच्या तोंडी कोणत्या वार्ता होत्या, हे कळण्यास ते ऐकीवच उपयोगी पडते.

ही हकीकत विष्णुभटांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून १८८३ च्या सुमारास मोडीत लिहिली. पुढे ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीशपद भूषविलेल्या वैद्यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली. मात्र तसे करताना त्यांनी भाषेवरून हात फिरविला, काही मजकूर गाळला व काही बदलला. त्यांस सर्वस्वी दोष देणे न्याय्य नव्हे. काळ कठीण होता. पुढच्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. वैद्य नसते तर पुस्तक लिहिलेच गेले नसते. तथापि मराठी वाचक जवळजवळ साठ वर्षे विष्णुभटांचे म्हणून जे वाचीत होता, त्यात वैद्यांचाही वाटा होता. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मूळ हस्तलिखित सुरक्षित राहिले, म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांना १९६६ साली ते मूळ रूपात छापता आले. हस्तलिखित हरवले असते, तर काय गळले हे कोणासही कळले नसते.

याच्या शेजारी धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) ठेवून पाहावे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण विष्णुभटांनंतर सुमारे चाळीस वर्षांनी ग्वाल्हेरवरून काशीस गेला. एक दक्षिणेसाठी निघाला होता, दुसरा विद्येसाठी. काशीत अन्नछत्रात जेवून शिकणाऱ्या निर्धन विद्यार्थ्याचे दिवस कसे जात, हे कोणत्या दप्तरात सापडणार? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कोसंबींस दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य दिले, एवढे सरकारी कागद सांगेल. ते मिळण्यापूर्वी त्यांनी काय सोसले, हे मात्र त्यांनाच सांगावे लागले. आणि त्यांनी ते स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या शब्दांत छापून घेतले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील जुन्या मराठी घरांत कारकुनांच्या, शिक्षकांच्या, वैद्यांच्या आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या आठवणींच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी हाती घेणे हे आपले काम आहे. आमची सूचना एवढीच की, प्रथम अक्षरशः नक्कल करावी, मूळ वही जपून ठेवावी, आणि चूक दिसली तर ती टीपेत दाखवावी. मजकुरात दुरुस्त करू नये. शुद्धलेखन शिकविणे हा शिक्षकाचा धर्म खरा. परंतु गेलेल्या माणसाची वही तपासावयास घेताना लाल शाईची दौत दूर ठेवणे बरे.