महारांची लष्करभरती

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या कोरेगावच्या लढाईच्या (१ जानेवारी १८१८) जयस्तंभावर तीत पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. पगार आणि पेन्शन तर मिळेच, पण खरा लाभ पलटणीतल्या शाळेचा. गावच्या शाळेत ज्यांना ओटीवरही जागा नव्हती, त्यांची मुले छावणीत पाटी-पुस्तक घेऊन बसत. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. दापोलीत पेन्शनर शिपायांची वस्तीच झाली.

१८९० नंतर काही जातीच लढवय्या असतात, हा ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त पुढे करून सरकारने ही भरती बंद केली. इंग्रजांना नोकरभरतीतही जात सोयीची वाटली, एवढाच याचा अर्थ. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. तिचे केंद्र आता मध्य प्रदेशातील सागर येथे असून तीत सर्व जातींचे जवान आहेत.